विश्लेषण : तबला की फुटबॉल? मुलांचा छंद नेमका कोणी निवडायचा?

जून उजाडला की घरोघरी दोन वेळापत्रके लागतात. एक शाळेचे, दुसरे क्लासचे. आठवी-नववीतल्या मुलांचे हे दुसरे वेळापत्रकही बहुतेकदा आई-बाबाच ठरवतात. मग एके दिवशी मुलगा म्हणतो, ‘तबला बंद, मला फुटबॉलला जायचंय’ आणि घरात वाद पेटतो. अशा वेळी अंतिम शब्द मुलाचा का असावा?

पालकांचे म्हणणे काय असते?

ते अगदीच चूक नसते. काही वर्षांची फी भरलेली असते, परीक्षा दिलेल्या असतात. त्यात राज्यात दहावीला शास्त्रीय कला, चित्रकला आणि क्रीडा यांचे वाढीव गुण मिळतात. अकरावी प्रवेशात एकेका गुणासाठी चुरस असताना हे गुण सोडवत नाहीत. ‘आज हे, उद्या ते’ अशी धरसोडीची सवय लागेल, ही भीतीही असतेच.

बक्षिसासाठी केलेली गोष्ट टिकते का?

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितले गेले, की चित्र काढले तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळेत आमिष दाखवलेली मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना आढळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती.

प्रयोग लहानग्यांवरचा होता. पण दहावीचा निकाल लागताच माळ्यावर गेलेला तबला अनेक घरांत सापडेल. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा स्वनिर्णय सिद्धान्तही हेच सांगतो. काम मनापासून व्हायला तीन गोष्टी लागतात : ते आपण निवडले ही भावना, ते जमते आहे हा विश्वास आणि आपल्या माणसांची सोबत.

मोठ्या खेळाडूंचे काय?

टेनिसपटू आंद्रे आगासीला वडिलांनी लहानपणापासून कोर्टवर जुंपले. तो जगात अव्वल झाला. पण आपल्याला टेनिसचा तिटकारा होता, असे त्याने २००९ च्या आत्मचरित्रात लिहिले. याउलट सचिन तेंडुलकरचे वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. त्यांनी मुलावर साहित्य लादले नाही. अकराव्या वर्षी वडिलांनी स्वातंत्र्य दिले, पण आडवाटेने जायचे नाही हेही बजावले, असे सचिनने नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवरील निरोपाच्या भाषणात सांगितले होते. स्वातंत्र्य होते, अटही होती.

मग पालकांच्या हातात काय उरते?

बरेच काही. महिन्याचा खर्च किती, क्लास किती लांब, परतायची वेळ कोणती, जागा सुरक्षित आहे का, हे पालकांनीच ठरवावे. या चौकटीत काय शिकायचे, हे मुलाने ठरवावे. आधी एक-दोन दिवस क्लास बघून यावा. एकदा नाव घातले की किमान एक सत्र सोडायचे नाही, हे दोघांनी मिळून ठरवावे. जुना क्लास सोडायचा तर गुरुजींना मुलाने स्वतः भेटून सांगावे. धरसोडीवर यापेक्षा चांगला उपाय नाही.

वाढीव गुण जातील, हेही लपवू नये. किती गुणांचा प्रश्न आहे ते समोर ठेवावे आणि त्याला विचार करू द्यावा.

त्याला काहीच नको असेल तर?

संध्याकाळ मोकळी राहू द्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील कलम ३१ खेळाबरोबर विश्रांती आणि फुरसतीचाही हक्क मानते. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे.

हे आत्ताच का?

कारण दहावीनंतर याच मुलाला शाखा निवडायची आहे. तोवर एकही निर्णय स्वतः न घेतलेला मुलगा तेव्हा मित्रांकडे बघून फॉर्म भरतो. छंद चुकला तर एका सत्राची फी जाते. शाखा चुकली तर वर्षे जातात. चुकायचेच असेल, तर ते फुटबॉलच्या मैदानावर चुकलेले बरे.