योजना पोहोचली, विचारणा कधी?

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातल्या आलापल्लीच्या चौकातून भामरागड, एटापल्ली, सिरोंचा अशा तिन्ही दिशांना रस्ते फुटतात. या रस्त्यांवरच्या गावांतल्या बायकांसाठीही सप्टेंबर 2025मध्ये राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली. आधी बाईचे स्वतःचे आधार, मग नवऱ्याचे किंवा वडिलांचे, आणि पडताळणीसाठी मोबाइलवर येणारा ओटीपी. गावात रेंज नसेल तर रेंज असलेल्या ठिकाणापर्यंत जाणे आले. गाडीभाडे जाते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. महिन्याच्या 1500 रुपयांतले हातात नेमके किती उरतात, याचा हिशेब निवडणुकीच्या चर्चेत कधीच येत नाही.

चर्चा होते ती एवढीच, की पैसे घेतले तर मत कुणाला दिले? नोव्हेंबर 2024च्या विधानसभा निकालानंतर महायुतीच्या यशाचे सगळे श्रेय बहिणींच्या खात्यात जमा करून अनेकजण मोकळे झाले. राज्यशास्त्राचा अभ्यास मात्र इतकी घाई करत नाही. पुणे विद्यापीठाच्या राजेश्वरी देशपांडे यांनी लुईस टिलिन आणि के. के. कैलाश यांच्यासह 2019च्या लोकसभा निवडणुकीनंतर लोकनीतीच्या सर्वेक्षणातली आकडेवारी तपासली. उज्ज्वला, जनधन, आवास या योजनांनीच निवडणूक जिंकून दिली, असे त्यातून म्हणता येत नाही. मात्र योजनेचे श्रेय राज्याऐवजी केंद्राला देण्याकडे मतदारांचा कल आधीपेक्षा वाढलेला दिसला.

हे संशोधन मोलाचे आहे. पण त्याचा प्रश्न श्रेयाचा आहे. लोकांना काय हवे होते, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

आणि लाभार्थ्यांवर मारला जाणारा ‘फुकटे’ हा शेरा? अमेरिकेत मार्टिन गिलेन्स यांनी 1999च्या पुस्तकात दाखवले, की तिथल्या बहुसंख्य लोकांचा गरिबांना मदत करायला विरोध नव्हता. मदत घेणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि आळशी आहेत, या समजुतीतून रोख मदतीला विरोध उभा राहत होता, आणि ही समजूत घट्ट करण्यात माध्यमांचा मोठा हात होता. महाराष्ट्राने याच्या अगदी उलट उदाहरण घालून दिले आहे. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी 1975मध्ये शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारातून खेड्यातली मजुरी भागली. आज लाभार्थ्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्टीतल्या माणसांना धोरणाबद्दल मत नसते, असे समजणे तर सरळ अन्याय आहे. गडचिरोलीत 1993मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीमुळे. चंद्रपुरात बायकांच्या दीर्घ लढ्यानंतर 2015मध्ये ती आली आणि 2021मध्ये सरकारने उठवली. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाने 2009मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबू विकण्याचा अधिकारही झगडून घेतला. 2024च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास 72 टक्के मतदान झाले, राज्यात सर्वाधिक. अहेरीसारख्या भागात सुरक्षेसाठी मतदान दुपारी तीनलाच संपत होते, तरीही.

या लोकांपर्यंत सर्वेक्षण पोहोचते का, हा खरा पेच आहे. राज्यभराच्या नमुन्यात 288पैकी काही मतदारसंघच निवडले जातात, त्यांत अहेरी असेलच असे नाही. निवडले गेले तरी मराठी प्रश्नावली माडिया बोलणाऱ्या म्हातारीसमोर वाचली, तर उत्तर तिच्याऐवजी शेजारी बसलेला शिकलेला नातू देण्याचीच शक्यता जास्त. कागदावर तिचे वय आणि तिची जमात नोंदली जाते, मत मात्र नातवाचे.

लोकांना विचारण्याची जागा कायद्याने केव्हाच करून ठेवली आहे. अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996च्या पेसा कायद्याप्रमाणे विकासाच्या योजनांना अंमलबजावणीआधी ग्रामसभेची मान्यता लागते आणि लाभार्थी निवडण्याचा अधिकारही ग्रामसभेचाच. मुंबईतून थेट खात्यात पैसे टाकताना ही पायरी सहज गाळली जाते.

गोंडवाना विद्यापीठ 2011पासून गडचिरोलीत आहे. माडिया आणि गोंडी बोलणारे विद्यार्थी त्याच्याकडे आहेत. त्यांना प्रशिक्षण देऊन विद्यापीठाने दरवर्षी याच भाषांमध्ये जनमत घ्यावे आणि ते जाहीर करावे. सरकारनेही पुढची योजना आखण्याआधी या तालुक्यांतल्या ग्रामसभांचे ठराव मागवावेत, आणि ते वाचूनच रक्कम व अटी ठरवाव्यात.