बर्फात अडकलेला बुडबुडा

पाण्यावरचा बुडबुडा म्हणजे क्षणभंगुर, असे आपण येताजाता बोलतो. परंतु वाचकहो, जगात असे जलाशय आहेत की जिथे बुडबुडा फुटत नाही, सबंध हिवाळाभर जागच्या जागी थांबून राहतो. आणि त्याच्याजवळ गुडघे टेकून, कॅमेरा लावून बसणारी माणसेही आहेत. या आठवड्यात आम्ही त्यांच्या छंदाविषयी लिहीत आहोत.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अब्राहम लेक नावाचा जलाशय आहे. नदीवर धरण बांधून १९७२ साली तो तयार झाला. तळाशी बुडालेला झाडपाला कुजतो आणि सूक्ष्म जीव त्यापासून मिथेन वायू बनवितात. वायूचे बुडबुडे वर येतात, पण वर बर्फाचे झाकण! बर्फ खालच्या बाजूने जाड होत जातो, तसा आज आलेला बुडबुडा आज गोठतो, उद्याचा त्याच्या खाली. अशी एकाखाली एक पांढऱ्या चकत्यांची रास लागते. आपल्या आजीच्या घरातली मडक्यांची उतरंडच जणू काचेत बसविली आहे!

हा मिथेन आपल्याला परका नाही. खेड्यापाड्यांत गोबर गॅसवर चहा होतो तो मुख्यतः याच वायूवर. इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली माज्जोरे सरोवराकाठचा चिखल काठीने ढवळून वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि हा जळणारा वायू अभ्यासला. लोक ज्याला भुताटकी म्हणून घाबरले असते, त्याला त्यांनी बाटलीत भरून तपासले. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

सगळे बुडबुडे मात्र मिथेनचे नसतात. पाण्यात हवा विरघळलेली असते. पाणी गोठताना बर्फ तिला आत घेत नाही, पुढे ढकलतो. फ्रीजमधला बर्फाचा खडा बाहेरून आत गोठतो, म्हणून हवा मधोमध कोंडते आणि तिथे पांढुरका डाग दिसतो. गृहिणी तो रोज पाहतात. त्यामागचे कारण मुलांना विचारून पाहावे.

आता रंगांचे. बर्फाला स्वतःचा भडक रंग नाही; जाड, स्वच्छ बर्फ तेवढा निळसर दिसतो. पण बर्फाच्या स्फटिकातून जाताना प्रकाशाचे दोन भाग होऊन ते वेगवेगळ्या वेगाने जातात. पातळ बर्फ दोन पोलरॉइड काचांमध्ये धरला, की तांबडे, हिरवे, जांभळे पट्टे उमटतात. हे घरीही जमते. बहुतेक संगणकांच्या एलसीडी पडद्याचा प्रकाश पोलरॉइडमधून गेलेलाच असतो. पडदा पांढरा ठेवावा, त्यासमोर एक-दोन मिलिमीटर जाडीचा बर्फाचा तुकडा धरावा (पाणी यंत्रावर गळू देऊ नये) आणि पोलरॉइड गॉगलची काच कॅमेऱ्यापुढे धरून हळूहळू फिरवावी. रंग दिसतील. छायाचित्र काढताना कॅमेरा तिकाटण्यावर पक्का ठेवावा. इतक्या जवळून हात किंचित हलला तरी चित्र पुसट येते.

साधने नाहीत, शिक्षण नाही, अशी सबब आपल्याकडे फार चालते. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील विल्सन बेंटली हे शेतकरी होते. त्यांची आई पूर्वी शिक्षिका होती. तिनेच त्यांना घरी शिकविले आणि पंधराव्या वर्षी एक जुना सूक्ष्मदर्शक दिला. त्याला कॅमेरा जोडून १८८५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी हिमकणाचे छायाचित्र काढले. १९३१ साली वारले तोपर्यंत पाच हजारांवर छायाचित्रे झाली होती. शेती सांभाळूनच हे सारे केले. माउलीने दिलेली ती भेट किती फळाला आली पाहा.

ज्यांची मुले-सुना थंड मुलखात आहेत त्यांनी एक निरोप जरूर पाठवावा. स्वच्छ, कठीण बर्फ निदान चार इंच जाड असल्याखेरीज त्यावर पाय ठेवू नये. धरणाच्या जलाशयात पाणी खाली उतरते आणि बर्फाखाली पोकळी राहते, तिथे अधिकच जपावे. चित्रापायी जीव गमावू नये.

शेवटी हिशेबाची गोष्ट. वसंतात बर्फ वितळतो आणि कोंडलेला मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक भारी आहे. उत्तरेकडील गोठलेली जमीन वितळते आहे, तिथल्या तळ्यांतूनही तो निघतो. अलास्कातील शास्त्रज्ञ बर्फातले हे बुडबुडे मोजूनच त्याचा अंदाज घेतात. म्हणजे जे चित्र आपण कौतुकाने पाहतो, ती एक नोंदही आहे.

म्हणून मुलांना सुंदर चित्र दाखवावे आणि लगेच विचारावे, ‘हे असे का झाले?’ उत्तर आपल्याला आले नाही तर दोघांनी मिळून शोधावे. घरात एवढी सवय लागली तरी पुष्कळ झाले.