गाठ गेली, पण मूळ राहिले?

खास प्रतिनिधी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी पुरी झाली, तपासण्याही निर्दोष आल्या. तरीही काही वर्षांनी आजार हाडांत वा फुप्फुसात पुन्हा डोके वर काढतो. अनेक कुटुंबांच्या वाट्याला आलेल्या या अनुभवाची एक उपपत्ती २००३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या मायकेल क्लार्क, मॅक्स विचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. विशिष्ट प्रथिनखुणा असलेल्या अवघ्या शंभर पेशी उंदरांत नवी गाठ निर्माण करू शकल्या. इतर प्रकारच्या हजारो पेशींना ते जमले नाही. या बीजरूप पेशींना 'कर्करोग मूलपेशी' म्हटले जाते.

केमोथेरपीचा भर झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर असतो. मूलपेशी संथ गतीने विभागतात आणि औषध बाहेर फेकण्याची क्षमताही बाळगतात. त्यामुळे गाठ आक्रसली तरी मूळ शाबूत राहू शकते. मग थेट मुळावरच घाव का घालू नये?

प्रयत्न झाले, पण यश हुलकावणी देत राहिले. २००९ मध्ये सुमारे १६ हजार रसायने चाळून अमेरिकी संशोधकांनी सॅलिनोमायसिन निवडले. प्रयोगशाळेत ते प्रभावी ठरले. मात्र कोंबड्यांच्या खाद्यात वापरले जाणारे हे औषध माणसाला विषारी ठरू शकते. 'नॉच' या संदेशमार्गाला रोखणाऱ्या औषधांनी आतड्यांना इजा होते, कारण निरोगी मूलपेशीही त्याच मार्गावर विसंबून असतात. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात नेहमीच्या औषधाला रेपारिक्सिनची जोड देणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार बळावण्याचा काळ त्याने लांबला नाही.

अडचण आणखी खोल आहे. साध्या कर्करोगपेशीही मूलपेशींचे रूप धारण करू शकतात, असे २०११ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने दाखवले. म्हणजे केवळ मूळ उपटून भागत नाही. फांदीलाही मुळे फुटतात. दोहोंवर एकत्रित मारा हाच तर्कसंगत मार्ग उरतो.

भारतात २०२२ मध्ये या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. त्यामुळे रुग्णांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मूलपेशींना लक्ष्य करणारे संशोधन आणि जाहिरातींतील 'स्टेम सेल उपचार' यांचा परस्परांशी संबंध नाही. या नावाखाली कर्करोग बरा करण्याच्या दाव्यांपासून दूर राहावे. आणि नव्या औषधाची वाट पाहत शस्त्रक्रिया, केमोथेरपी, संप्रेरक उपचार लांबणीवर टाकू नयेत.

संशोधकांसाठीही धडा आहेच. गाठ किती लहान झाली, एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. आजार किती जणींत परतला नाही आणि किती जणी जगल्या, हाच खरा निकष.