दाराआडचा प्रश्न



अमेरिकेत मुले बहुधा सहावीत मिडल स्कूलमध्ये जातात आणि त्याच सुमारास पौगंडावस्थेचा उंबरठा ओलांडतात. मुलींमध्ये हे बदल साधारणतः 8 ते 13 आणि मुलग्यांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होतात. उंची झपाट्याने वाढते, आवाज फुटतो, मासिक पाळी सुरू होते. आमच्याही घरात हे वय आले आहे. कालपर्यंत गाडीत बसताक्षणी शाळेचा सारा वृत्तान्त सांगणारे मूल आता ‘फाइन’ या एका शब्दावर आमची बोळवण करते. आरशासमोरचा वेळ वाढतो आणि खोलीचे दार बंद होते.

आपल्यापैकी अनेकांचे बालपण अशा घरांत गेले, जिथे बंद करण्यासाठी वेगळी खोलीच नव्हती. म्हणून हे बंद दार आपल्याला अवमानासारखे बोचते. वस्तुतः ते वाढीचे लक्षण आहे. ‘मी कोण?’ हा प्रश्न एकांत मागतो आणि तो एकांत मुलाच्या हक्काचा आहे. आमच्या चिंतेचा विषय निराळाच आहे. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आपल्यापाशी असतो आणि अनेक घरांत तो अद्याप उच्चारलेला नसतो.

इथल्या भारतीय मंडळींत आडनाव विचारले गेले की आपल्यातील कित्येकजण विषय बदलतात. नोकरी, शेजार, मुलांची मैत्री यांचे हिशेब त्यामागे असतात आणि ते खोटे नाहीत. परंतु जात आपल्या परवानगीची वाट पाहत नाही. कॅलिफोर्नियात 1998 साली स्वीकारलेल्या अभ्यासक्रमानुसार सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत शिकवला जातो. जातिव्यवस्थेची रचना, बुद्धांचे जीवन आणि सम्राट अशोक हे सारे त्यात आहे. 2016 साली तेथील आराखड्याच्या फेररचनेवेळी जातीविषयीच्या मजकुरात बदल करावेत, अशी मागणी काही संघटनांनी केली. तेव्हा आंबेडकरी व अन्य दलित कुटुंबांनी सॅक्रामेंटोत जाऊन आपली बाजू मांडली. म्हणजे ज्या वयात मूल स्वतःकडे नव्याने पाहू लागते, त्याच वयात वर्गातील पुस्तक त्याच्यासमोर हा विषय उघडते. त्या दिवशी शेजारच्या बाकावरून ‘तुम्ही कोण?’ असा प्रश्न आला, तर घरातले मौन त्याच्या काय कामाचे?

बाबासाहेबांना हा प्रश्न 1901 साली मसूर स्थानकावर विचारला गेला. वय नऊ-दहा वर्षांचे. वडिलांना भेटण्यासाठी ते घरातील मुलांसोबत साताऱ्याहून गोरेगावला निघाले होते. अंगावर नवे कपडे, मनात प्रवासाचा आनंद. स्टेशनमास्तरने विचारले आणि त्यांनी क्षणाचाही विचार न करता आपली जात सांगितली. मास्तरचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊ केल्यावरच एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर. वाटेत पाणी मिळाले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. सांगण्याची किंमत असते, हे यातून कळते. मात्र त्या प्रसंगातील अप्रतिष्ठा विचारणाऱ्यांच्या पदरी पडली, सांगणाऱ्या मुलाच्या नव्हे, हेही आपल्या मुलांना त्यातूनच कळू शकते.

मग हे सांगावे कसे? मज्झिम निकायात भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे ते विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. तसेच आपले प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर न्याहाळावे, त्याने स्वतःला वा इतरांना पीडा होते का ते पाहावे, असे तथागत समजावतात. पित्याने आज्ञा न देता मुलाला स्वतःची परीक्षा करायला शिकवले. आरशासमोर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या वयासाठी याहून उचित संवाद आम्हाला सुचत नाही.

म्हणून आमची विनंती आहे. पाळी आणि शरीरातील बदल यांविषयी आपण जितक्या सहजपणे बोलू, तितक्याच सहजपणे आजी-आजोबांची वस्ती, त्यांचे काम, 1956 चे धर्मांतर यांविषयीही बोलावे. एकाच बैठकीत सारे सांगू नये. मूल विचारील तेवढे, आणि न विचारल्यास थोडेसे आपणहून. पुढे ही ओळख कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हा निर्णय मुलाचा. आपण फक्त एवढे पाहावे की तो निर्णय भीतीतून घेतला जाऊ नये. सिएटलने 2023 साली जातिभेदाविरुद्ध कायदा केला, तर त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला. कायद्याची लढाई दीर्घ आहे. आपल्या मुलांचे हे वय मात्र दोन-तीन वर्षांत सरणारे आहे.

बंद दारावर टकटक करून आत जावे. ते आतून उघडेपर्यंत थांबावे. आणि सांगण्याजोगे काही घेऊन जावे.

नमो बुद्धाय, जयभीम!