"इतकी वर्षं कधी चावला नव्हता हो!"

साप पाळणाऱ्याला साप चावला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. त्यात आश्चर्य थोडं असतं आणि दुखावलेपण जास्त. घरातल्या माणसानेच दगा दिला असा काहीसा सूर. माझं म्हणणं असं, की चूक नेमकी या सुरातच आहे. सापाने दगाबिगा दिलेला नसतो. त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं, ते तो बरेच दिवस त्याच्या परीने सांगत असतो, आणि कुणी लक्षच देत नाही म्हणून शेवटी त्याला तोंड वापरावं लागतं.

हा विषय मला का सुचावा? तर मी मूळचा चिंचपाड्याचा. नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका, सूरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं छोटंसं स्टेशन. आमच्याकडे साप पाळायचा असतो ही कल्पनाच कुणाला पटणार नाही. तिथे साप म्हणजे पावसाळा, भाताची खाचरं, कौलारू घर आणि रात्री जमिनीवर पसरलेलं अंथरूण. मण्यार अशाच अंथरुणात येते. झोपेत चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. मग आधी भगताकडे न्यायचं की थेट मिशन हॉस्पिटलला, यावर माणूस जगणार की नाही ते ठरतं. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आहे म्हणून आमच्या भागातले लोक निदान 'कुठे न्यायचं' या प्रश्नापाशी अडत नाहीत.

आणि इकडे पुण्या-मुंबईत टू बीएचकेमध्ये काचेच्या पेटीत बॉल पायथन असतो! आफ्रिकेतला हा छोटा अजगर किंवा अमेरिकेतला कॉर्न स्नेक, दोघंही बिनविषारी आणि स्वभावाने शांत. शनिवारी मित्र जमले की गळ्यात घालून फोटो काढायचे. हौसेला मोल नाही म्हणतात, त्यामुळे त्याबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते "आता त्याला माझा लळा लागलाय" या वाक्याशी.

आपण मराठी माणसं सापाच्या बाबतीत पूर्वीपासून दोन गोष्टी मानत आलो. एक म्हणजे साप डूख धरतो. दुसरी, तो भक्ताच्या हातचं दूध पितो आणि पुंगीवर डोलतो. म्हणजे एकतर वैरी नाहीतर देव. प्रत्यक्षात काय होतं? गारुड्याने कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते पितो, मग ते दूध का असेना. दूध हे त्याचं अन्नच नव्हे. नाग डोलतो तोही सुरांवर नव्हे. समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो फणा काढून बचावाच्या पवित्र्यात उभा असतो. म्हणजे जिवाच्या भीतीला आपण नाच म्हटलं आणि तहानेला भक्ती. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात वर्षानुवर्षं नागपंचमीच्या आधी नाग पकडून मडक्यांत ठेवायचे आणि पंचमीला मिरवायचे. तिथल्या लोकांची श्रद्धा खरी होती यात मला शंका नाही. पण मडक्यातल्या नागाची अवस्था काय, हा प्रश्न त्या श्रद्धेत बसत नव्हता आणि शेवटी तो उच्च न्यायालयात विचारला गेला.

शहरातला साप पाळणारा या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणतो आणि स्वतः तेच करतो. फक्त शब्द बदलतात. देवाच्या जागी 'माझ्यावर प्रेम करतो' येतं आणि डूख धरण्याच्या जागी 'उलटला माझ्यावर'. दोन्हीकडे सापाला माणसाचं मन चिकटवलं, आणि त्याचं शरीर बघायचं राहून गेलं!

सापाला सवय होते, हे खरं आहे. तुमचा वास, हाताची ऊब, उचलायची पद्धत हे पुन्हा पुन्हा अनुभवून त्याचा एक साधा हिशोब तयार होतो, की यातून धोका नाही. या हिशोबाला आपण लळा म्हणतो. पण तो हिशोब धडधाकट सापाचा असतो. तब्येत बिघडली की हिशोबही बिघडतो, कारण आजारी आणि अशक्त जनावराला प्रत्येक गोष्टीतून जास्त धोका असतो. कालपर्यंत चालत असलेला हात आज चालत नाही तो यामुळे. आपलं तरी काय वेगळं होतं? ताप असताना कुणी उगाच हलवून उठवलं तर आपण काय बोलतो ते आठवून बघा. आपल्याला निदान बोलता येतं. सापाला आवाज चढवता येत नाही आणि ढकलायला हात नाहीत. पळून जावं तर काचेच्या पेटीत जागा नाही. उरलं काय, तर तोंड.

आता बिघडतं काय ते बघू. पहिली गोष्ट तापमान. सापाच्या शरीराला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात, म्हणजे त्याला हवं तेव्हा इकडून तिकडे जाता येतं. शिवाय दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री हीटर बंद पडला किंवा मालकाने एसी २० वर लावला, की सापाचं पचन मंदावतं आणि प्रतिकारशक्ती घसरते. मग छातीत संसर्ग होतो. तोंड उघडं ठेवून, मान वर करून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाका-तोंडाशी फेस ही त्याची लक्षणं. अशा सापाला गळ्यात घालणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला नाचायला उठवणं.

दुसरी गोष्ट कात. कात टाकायच्या आधी काही दिवस सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात. त्याला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, मग अचानक समोर आलेल्या हाताला तो शत्रूच समजणार. पेटीतली हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्याने निघते आणि डोळ्यावरचा जुना खवला तिथेच अडकून बसतो. मालक म्हणतो, "हल्ली चिडका झालाय." चिडका कसला, त्याला धड दिसत नाहीये!

याशिवाय गोचिडांचे भाऊबंद असलेले बारीक किडे असतात, खवल्यांच्या फटींत मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतात ते. ते छळायला लागले की साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो. हिरड्या सुजून तोंडात पू होतो. हीटरला चिकटून पोट भाजतं. अजगरांना आणि बोआंना मेंदूवर परिणाम करणारा एक विषाणूजन्य आजारही होतो. त्यात साप मान उलटी टाकून वर बघत राहतो, त्याचा तोल जातो, हालचालींवर ताबा राहत नाही. यातल्या कुठल्याही अवस्थेत तो चावला तर त्याला 'स्वभाव' म्हणायचं का?

अर्थात प्रत्येक चावा आजाराचा नसतो. हाताला उंदराचा वास असेल तर साप हातालाच भक्ष्य समजतो. हा चावा ओळखता येतो, कारण तो पकडून ठेवतो आणि वेटोळं घालायला बघतो. घाबरून घेतलेला चावा याच्या उलट, झटक्यात चावून सोडून देतो. पहिल्या प्रकारात मालकाने हात धुवायचे आणि जेवण द्यायची पद्धत सुधारायची. दुसऱ्या प्रकारात, त्यातही आधी शांत असलेल्या सापाने असं केलं तर, पेटी आणि साप दोन्ही तपासायचे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. सर्व्हर रात्री दोन वाजता पडतो, सगळे म्हणतात "अचानक पडला", आणि लॉग उघडला की दोन दिवसांपासून वॉर्निंगच वॉर्निंग. सापाचेही लॉग असतात. बॉल पायथनला तर ते नावच त्याच्या वॉर्निंगवरून मिळालंय. घाबरला की तो डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. म्हणजे निसर्गाने त्याला पहिला उपाय दिलाय तो लपायचा. मग फुसकारणं, मानेचा इंग्रजी एस करणं, शरीर ताठरणं, आणि सगळ्यात शेवटी चावा.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचा विक्रम बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १९८० साली ते पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले आणि एकही साप त्यांना चावला नाही. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना दाखवायचं होतं आणि ते त्यांनी दाखवलं. पण पुढच्या पिढीतल्या काही जणांनी त्यातून 'साप आपला मित्र होतो' असा भलताच अर्थ काढला. माझ्या मते त्या ७२ तासांचा अर्थ एवढाच, की सापाला त्रास झाला नाही तर तो चावत नाही. यातला 'त्रास' काय ते साप ठरवतो, आपण नाही.

हे विसरलं की काय होतं ते पेपरात येत असतं. पकडलेला नाग लगेच जंगलात न सोडता बरणीत ठेवायचा, चार लोकांना दाखवायचा, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. आपल्याकडे खऱ्या अर्थाने 'पाळलेला' साप बहुतेक वेळा हाच. पकडताना दुखावलेला, उपाशी, कोंडलेला, दहा वेळा हाताळलेला. तो अकराव्या वेळी चावतो आणि बातमीत येतं 'अनुभवी सर्पमित्राचा मृत्यू'. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे आपल्याकडचे साप असे घरात ठेवणं गुन्हा आहे. साप निघाला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. परदेशी सापांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतले प्राणी, बॉल पायथन त्यातलाच, पाळायचे तर २०२४ च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. ती नोंद होते, पण सापाचा ताण कळतो का याची परीक्षा काही कुणी घेत नाही.

कुणी म्हणेल, बॉल पायथनच्या चाव्याने होतं काय? चार ओरखडे. खरंय. साबण-पाण्याने धुवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आणि तो धरून बसला असेल तर हात हिसकायचा नाही, कारण दात आत वळलेले असतात. पण माझी अडचण नेमकी इथेच आहे. माणसाचं फारसं बिघडत नाही म्हणून चाव्याचा अर्थ लावायची गरज कुणाला वाटत नाही. मित्रमंडळीत किस्सा रंगतो आणि पेटीतला साप तसाच धापा टाकत राहतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आहे. त्यातली बहुतेक चिंचपाड्यासारख्या गावांतली. शेतात गेलेली नाहीतर झोपलेली. आमच्याकडचे लोक साप दिसला की मारतात, चावला की कधीकधी आधी मंत्र शोधतात, तेव्हा त्यांच्या शहाणपणाचे गोडवे मी गाणार नाही. पण त्यांच्यापैकी कुणीही सापाने आपल्यावर प्रेम करावं अशी अपेक्षा ठेवत नाही. त्यांना साप टाळायचा असतो आणि तो टाळण्याइतकी निवडही त्यांना नसते. आपल्याला निवड आहे. पगार आहे, जागा आहे, वाचायला इंटरनेट आहे. मग निदान जबाबदारी तरी नीट घ्यायला हवी.

म्हणून साप पाळलाच असेल तर थोडं करा. पेटीच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर लावा. महिन्यातून दोनदा वजन करून लिहून ठेवा, कारण बॉल पायथन धडधाकट असूनही कधीकधी महिनोन्‌महिने खात नाही आणि खरा आजार वजनावरूनच कळतो. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका. कात येतेय दिसलं की त्याला एकटं सोडा. सापांवर उपचार करणारा पशुवैद्य साप आणण्याच्या आधी शोधा, कारण कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सापाचा अनुभव असतोच असं नाही. आणि इतकी वर्षं न चावलेला साप चावलाच, तर 'आता याला कोणाला देऊन टाकू' हा विचार बाजूला ठेवा. आपली जखम धुवा, पेटीतलं तापमान बघा, त्याच्या तोंडात आणि डोळ्यांत बॅटरी मारून बघा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरची वेळ घ्या.

एवढं जमणार नसेल तर कात्रजच्या सर्पोद्यानात जा. तिथे काचेपलीकडे भरपूर साप आहेत. रविवारी मनसोक्त बघा आणि घरी या.