धीर देण्यापूर्वी

“डॉक्टर, माझ्या हातून बाळाला काही होणार नाही ना?” मंत्रचळाने ग्रासलेली तरुण आई असं विचारते, तेव्हा आपल्या तोंडून आपसूक निघतं, “काही होणार नाही, निश्चिंत राहा.” तिचा चेहरा निवळतो. संध्याकाळी ती हेच नवऱ्याला विचारते, रात्री सासूबाईंना, आणि सकाळी दवाखाना उघडायच्या आत तिचा फोन वाजतो.

हे उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलं आहे. पुन्हा पुन्हा हात धुऊन जी घटकाभराची सुटका मिळते, तीच या उत्तराने मिळते, आणि सुटका मिळाली म्हणूनच प्रश्न पुन्हा उगवतो. आपला धीर हा तिच्या आजाराच्या विधींपैकीच एक होऊन बसतो.

1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन स्त्रियांवर केलेले उपचार प्रसिद्ध झाले. एकीला धुण्याचा मंत्रचळ होता, दुसरीला देवाधर्माविषयी अभद्र विचार छळत. मेयर यांनी दोघींना भीतीच्या प्रसंगासमोर आणलं आणि विधी मात्र करू दिले नाहीत. त्यासाठी परिचारिकांना तासन् तास जवळ थांबावं लागलं. दोघी पुष्कळ सुधारल्या. सामना आणि प्रतिसादरोध ही आजची उपचारपद्धती तिथून वाढली. विधी न करता ती अस्वस्थता सोसता येते, हा अनुभव रुग्णाने स्वतः घ्यायचा असतो. आपण आधीच उत्तर देऊन टाकलं, तर तो त्याच्या वाट्याला येतच नाही.

मग त्या आईला काहीच सांगायचं नाही का? सांगायचं, पण एकदा. असे नकोसे विचार निरोगी माणसांनाही येतात, हे रॅकमन आणि डी सिल्वा यांनी 1978 मध्येच दाखवलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांच्या अभ्यासात जवळजवळ 94 टक्क्यांनी मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार आल्याचं सांगितलं. पहिल्या भेटीत ही माहिती म्हणजे शिक्षण. दहाव्यांदा विचारल्यावर दिलेली तीच माहिती म्हणजे विधी.

आघातानंतरच्या मदतीतही आपल्या सद्हेतूने असाच धोका दिला आहे. अपघात झाला की लगेच एका बैठकीत सगळं बोलून मोकळं करून घ्यावं, हे कुणालाही पटेल. वेल्समध्ये भाजलेल्या रुग्णांवर जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी ते तपासून पाहिलं. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : 13 महिन्यांनी बैठक झालेल्यांपैकी 26 टक्क्यांना आघातोत्तर ताणविकार होता, न झालेल्यांपैकी 9 टक्क्यांना. पहिल्या गटाचं भाजणं मुळात अधिक गंभीर होतं, हे लक्षात ठेवायला हवं. तरी पुढच्या चाचण्यांतही या एका बैठकीने विकार टळतो असं दिसलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना आज ती करू नका असंच सांगते. निवारा, अन्न, आप्तांशी गाठ घालून देणं आणि माणूस बोलू लागला तर ऐकणं एवढं आधी करावं.

आपल्याकडे घर रुग्णाला एकटं सोडत नाही. हे बळ आहे, आणि मंत्रचळात तेच आजाराच्या कामी येतं : नवरा गॅस तपासून सांगतो, आई दारातच कपडे बदलायला लावते. म्हणून घरच्यांना पहिल्या आठवड्यातच बोलवा. मात्र उत्तर देणं एका दिवसात तोडायला सांगू नका. रुग्णाला विश्वासात घेऊन, ठरवून, थोडं थोडं कमी करा. नवऱ्याने काय म्हणायचं, याची तालीम आपल्यासमोर करून घ्या : “हा प्रश्न आजार विचारतोय. उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.” शेवटचे शब्द गाळले, तर आधीचे क्रूर होतात.

पुढल्या अंकांसाठी आम्हाला तुमच्या नोंदी हव्या आहेत. रुग्णाची ओळख झाकून, त्याची लेखी संमती घेऊन, येल-ब्राउन मापनश्रेणीवरचे उपचारापूर्वीचे आणि तीन महिन्यांनंतरचे गुण लिहून पाठवा. ज्यांचे गुण उतरले नाहीत, त्यांच्या नोंदी आधी पाठवा.