आईसाठीही खाट हवी

जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला, तेव्हा सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीच्या मोफत जेवणाचे दिवस ठरले. साधी प्रसूती असेल तर ३, पोट उघडावे लागले असेल तर ७. दिवस भरून जन्मलेले, अडीच-तीन किलोचे बाळ असेल तर हा हिशेब बरोबर बसतो. तेवढ्या दिवसांत बाळ-बाळंतीण घरी जातात. पण तिसाव्या आठवड्यात, तेराशे ग्रॅम वजनाचे जन्मलेले बाळ महिनाभर नवजात शिशू कक्षात राहते. त्याची औषधे, त्याचा प्राणवायू, त्याच्या तपासण्या मोफत असतात, आणि तशाच असायला हव्यात. आईचे ताट मात्र या मूळ हिशेबात पहिल्याच आठवड्यात उचलले जाते. प्रसूती कक्षातली खाटही दुसऱ्या बाळंतिणीला लागते. त्यानंतरचे दिवस ती कागदोपत्री कोणीच नसते. ना रुग्ण, ना कर्मचारी. ओल्या अंगाची, टाके न सुकलेली बाई ‘अटेंडर’ म्हणून बाहेरच्या बाकावर बसते आणि पुकारा झाला की दूध द्यायला आत जाते.

ग्वाल्हेरला हा प्रश्न परका नाही. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले आणि त्याच्याशी जोडलेले कमलाराजा रुग्णालय हे इथल्या स्त्रियांचे आणि मुलांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. गजराराजा या ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या मातोश्री, कमलाराजा त्यांची भगिनी. या दोन मराठी स्त्रियांची नावे चंबळ खोऱ्यातल्या लाखो घरांत जन्माशी जोडली गेली आहेत. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर इथल्या अडलेल्या बाळंतिणींना पुढची चिठ्ठी बहुधा ग्वाल्हेरचीच मिळते. ज्या राज्याचा भार हे शहर पेलते, त्या राज्याचे आकडे जड आहेत. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार मध्य प्रदेशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ३१ पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात हा आकडा ११ होता. अपुऱ्या दिवसांची सर्वाधिक बाळे जगात भारतातच जन्मतात. २०२० मध्ये ती सुमारे ३० लाख होती.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आई हा उपचाराचाच भाग आहे, तेव्हा तिला खाट, जेवण, बुडालेली मजुरी आणि घरापर्यंतची सोबत हे सारे बाळाच्या उपचाराच्या खात्यातच मोडायला हवे.

हे भावनेपोटी लिहिलेले नाही. दूध कसे येते ते पाहा. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी ते अंगावर पिऊ शकत नाही. आधी नाकातोंडातून पोटात सोडलेली नळी, मग वाटी-चमचा किंवा आपल्या घराघरांत असायचे तसले बोंडले, आणि मग हळूहळू अंगावर, असा हा रस्ता आहे. इतके दिवस बाळ पीत नसताना दूध टिकवायचे तर आईने ते हाताने पिळून काढत राहावे लागते. सुरुवात जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत, मग दिवसातून आठ वेळा तरी, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी चिकाचे चार थेंब दिसतात. ते पाहून सासू म्हणते, हिला दूधच नाही. नवरा बाजारात जाऊन डबा आणतो. खरे तर तेवढेच थेंब त्या दिवशी पुरेसे असतात. पण ते तिला सांगणारे, पिळायची पद्धत हात धरून शिकवणारे, रात्री दोन वाजता उठवणारे माणूस जवळ हवे. शिवाय ती बाळाच्या हाकेच्या अंतरावर हवी. बाळाला डोळ्यांनी पाहिले, अंगाला लावले की दूध उतरते, हे कोणतीही जुनी परिचारिका सांगेल. धर्मशाळेत एका खोलीत दहा जणांमध्ये झोपणाऱ्या, एकवेळ जेवणाऱ्या बाईचे दूध आटले तर तो तिचा दोष कसा? दीड किलोच्या बाळाला पूर्ण आहार म्हणजे दिवसाला जेमतेम पाव लिटर दूध. तेवढेही मिळाले नाही म्हणून वरचे दूध सुरू होते आणि कोवळ्या आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा धोका वाढतो.

यावर मुंबईने फार पूर्वी वाट काढून दाखवली. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा दगावली आहे, त्याला दुसऱ्या आईचे, तपासलेले आणि पाश्चरीकरण केलेले दूध मिळू लागले. आपल्याकडे अशा पेढ्यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि पेढीच्या उद्घाटनाची छायाचित्रेही छापून येतात. पण पेढी ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी स्वतःच्या आईचे दूध, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. आईला राहायला जागा लागते. २०१७ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही पेढीच्या जोडीला मातांना दूध काढायला आणि पाजायला शिकवणाऱ्या कक्षांची कल्पना आहे.

आई जवळ असल्याने जीव वाचतात, याचा भक्कम पुरावा २०२१ मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांत एक अभ्यास केला. भारतातले केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतल्या ३ हजारांहून अधिक बाळांपैकी निम्म्यांना नेहमीची पद्धत लागू झाली. आधी मशीन, स्थिर झाल्यावर आईची छाती. उरलेल्यांना जन्मल्यापासूनच आईच्या किंवा तिच्या जागी बसलेल्या नातेवाईक स्त्रीच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवले गेले. लागेल तो प्राणवायू, लागेल ती सलाईन तिथेच. त्यांना हा स्पर्श दिवसाला सरासरी १७ तासांच्या आसपास मिळाला, पहिल्या गटाला नवजात कक्षात असताना दीड तास. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या गटात १५.७ टक्के होते, दुसऱ्यात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख मंडळाने अभ्यास मुदतीआधी थांबवायला लावला. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू केलेली ‘कांगारू’ पद्धत ही नाइलाजाची सोय मानली जात असे. पेट्या पुरेशा असतानाही तीच अधिक चांगली, हे आता सिद्ध झाले आहे.

ही गोष्ट शक्य व्हायला एक साधी अट होती. नवजात कक्षातच बाळाशेजारी आईची खाट. तिथेच तिचे टाके पाहिले गेले, तिथेच तिचा रक्तदाब मोजला गेला, तिथेच ती जेवली.

डॉक्टर मंडळींचा पहिला आक्षेप जंतुसंसर्गाचा असतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पण दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आयांना हात धुणे, अंगावरचे कपडे बदलणे, बाळाला हाताळणे पद्धतशीर शिकवून आत घेतले गेले, आणि त्याच अनुभवावर २०१७ मध्ये केंद्राने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शिका काढली. दुसरा आक्षेप गर्दीचा. गर्दी आहेच. ग्वाल्हेरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या झाशीत १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि त्या रात्रीच १० बाळे गेली, तेव्हा क्षमतेहून किती जास्त बाळे तिथे ठेवली होती ते उघड झाले. त्या आगीची कारणे वेगळी, त्याबद्दलचे प्रश्नही वेगळे. मात्र श्वास नीट चालू असलेली, केवळ वजन वाढण्याची वाट पाहणारी बाळे आईच्या छातीशी राहू लागली, तर ऊब देणारा वॉर्मर ज्यांना खरोखर हवा त्यांना मिळेल.

आणि मग घरी जाण्याचा दिवस. रुग्णालयाच्या दृष्टीने खाट रिकामी होण्याचा, आईच्या दृष्टीने अतिशय धास्तीचा. महिनाभर कोणीतरी दर दोन तासांनी येऊन पाहत होते. आता पावणेदोन किलोचा जीव आणि ती. ग्वाल्हेरची थंडी डिसेंबर-जानेवारीत पारा तीन-चार अंशांवर आणते. बाळ घरी न्यायचे म्हणजे टोपडे, मोजे आणि दुपटे पुरत नाहीत. घरीही छातीशी बांधून ठेवायचे असते, आणि आई दमली की बापाने किंवा आजीने. हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत ८ हजारांहून अधिक कमी वजनाच्या बाळांच्या आयांना ही पद्धत घरी शिकवली गेली आणि पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या वडीलधाऱ्यांशी तेव्हा बोलायला हवे. आमच्या जुन्या बाळंतिणीच्या खोलीत शहाणपण होते: ऊब होती, सव्वा महिना विश्रांती होती, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू होते. पण धुरी अशा बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही, घुटी त्याच्या आतड्यांना मानवत नाही, आणि न्हाऊ-माखू घालायला वजन चांगले वाढेपर्यंत थांबावे लागते. सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही, हा समज तर पूर्ण खोटा आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या उपयोगी पडतो.

घरी जाताना सुटणारी सर्वांत महागडी गोष्ट म्हणजे डोळ्यांची तपासणी. चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर महिनाभराच्या आत तपासायलाच हवा. तिथल्या रक्तवाहिन्या बिघडत असतील तर लेझर उपचाराला दोन-तीन दिवसांची सवड असते. ती चुकली तर कायमचे अंधत्व. बाहेरून डोळा चांगला दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. श्योपूरहून येणाऱ्या आईला ग्वाल्हेर सुमारे २०० किलोमीटर पडते. तिथली छोटी रेल्वे २०२० पासून बंद आहे. तेवढ्या प्रवासासाठी भाडे, सोबतीला पुरुष आणि दोन दिवसांची मजुरी लागते. मध्य प्रदेशात जननी एक्स्प्रेस गाड्या आहेत. बाळंतिणीला आणणे आणि पोहोचवणे जर त्यांचे काम असेल, तर पहिल्या वर्षातल्या फेरतपासण्यांसाठी या बाळांना त्याच गाड्या का मिळू नयेत?

आशा कार्यकर्तीची घरभेट हा देशाला गडचिरोलीने दिलेला वसा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’चे काम १९९९ मध्ये जगासमोर आले आणि २०११ पासून तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी. पण दिवस जन्मापासून मोजले जातात; जे बाळ तिसाव्या दिवशी घरी येते त्याच्या बऱ्याच भेटी आधीच सरलेल्या असतात. अशा बाळांसाठी वेगळ्या भेटींची तरतूद नियमांत आहे. ती वापरली जायची तर ग्वाल्हेरहून निघालेल्या बाळाची वर्दी भिंडच्या एखाद्या गावातल्या आशाला त्याच दिवशी मिळायला हवी, वजन, दुधाची पद्धत आणि डोळे तपासायची तारीख यांसकट.

एक अवघड गोष्टही लिहायला हवी. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली मुरैनात ८२९, ग्वाल्हेरमध्ये ८४० होत्या. २०१७ मध्ये देशातल्या विशेष नवजात कक्षांत मुलग्यांपेक्षा दीड लाखाने कमी मुली दाखल झाल्या, असे युनिसेफने सांगितले होते. मुलगी असेल तर महिनाभर मजुरी बुडवून कशाला राहायचे, हा विचार घरात उघड बोलला जात नाही, पण होतो. आईच्या राहण्या-खाण्याचा खर्च शासनाने उचलला, तर निदान हे निमित्त तरी उरणार नाही.

मजुरीच्या भरपाईला आपल्याकडे दाखला आहे. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत राहणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीपोटी रोजचे पैसे मिळतात. नवजात कक्षातल्या आईला तेच नाकारण्याचे कारण आम्हाला सापडत नाही. नोकरदार स्त्रीची २६ आठवड्यांची रजा बाळ काचेच्या पेटीत असतानाच सरू लागते. ब्रिटनने २०२५ च्या एप्रिलपासून अशा पालकांना १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा दिली आहे. इथल्या मराठी मंडळांनाही यात काम आहे. महिनाभर मुक्कामाला असलेल्या बाळंतिणींसाठी एकवेळचा डबा शहराच्या लष्कर भागातल्या घरांना जड नाही. पण तो डबा शासनाच्या ताटाची जागा घेऊ शकत नाही.

ग्वाल्हेरच्या आरोग्य प्रशासनाने दरमहा चार आकडे जाहीर करावेत, अशी आमची मागणी आहे. नवजात कक्षातल्या बाळाला आईचा स्पर्श दिवसाला सरासरी किती तास मिळाला. किती बाळे केवळ आईच्या दुधावर घरी गेली. त्यात मुली किती. आणि घरी गेलेल्यांपैकी किती जणांचे डोळे वेळेत तपासले गेले. पहिला तक्ता येत्या महिन्याअखेर लागावा, आणि तो लावण्याची जागा नवजात कक्षाच्या दारावर, नातेवाइकांना वाचता येईल अशी असावी.